आधी रेघ

मोडीत आधी रेघ ओढतात,
कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत,
मग अक्षरं तिला टांगतात
वाळत घातलेल्या कपड्यांसारखी, एकमेकांना खेटून.
दोन शब्दांमध्ये जागा सोडायची रीत नाही.
कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं,
आणि चुकायचं.

हे मी दर रविवारी सांगते
भद्रकालीतल्या मनपा शाळेत, सातवी ब च्या वर्गात.
बाकं लहान, गुडघे मोठे.
लांबून तांबटांच्या हातोड्या.
कुंदा तिडके, सिन्नर गाडीची कंडक्टर, रात्रपाळी करून येते;
अन्सार मोमीन मालेगावहून, पहाटेच्या एसटीने;
ऋतुजा गांगुर्डे अकरावीत,
घरी सांगितलंय क्लास गणिताचा आहे.
अकरा जण. फी नाही.
झेरॉक्स ज्याची त्याने काढायची,
रविवार कारंजावर, पानाला दोन रुपये.

मूळ कागद दफ्तरात. रुमालात बांधलेले,
रुमालाला गाठ, गाठीला नंबर,
आणि दारावर पाटी: कामाशिवाय आत येऊ नये.
वीस वर्षं मला काम होतं,
म्हणून मी आत होते.

त्या रविवारी फळ्यावर जकातीच्या नोंदीतली एक ओळ:
बायकोयेकमैनागंगेच्यावेसीससुत
आणि शेवटी दोन उभ्या रेघा.
"त्या सोडा," मी म्हणाले,
"झेरॉक्सच्या काचेवरचे ओरखडे."

मोडीला ऱ्हस्व-दीर्घाचं सोयरसुतक नाही.
सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा,
लिहायला एकच.
वर्ग मुलाच्या बाजूने उभा राहिला.
मैनाच्या पुढे कोम नाही, नवऱ्याचं नाव नाही,
बापाचं नाही, गावाचं नाही.
निदान पोरगं तरी असू दे, कुंदा म्हणाली,
आणि इतकं हळू म्हणाली
की मला ते दिसलंच, कडेवर, शेंबडं.
दफ्तरात पोराला लेक लिहितात, मी म्हटलं,
सुत पोथीत असतो.
कोणाला आवडलं नाही. मलाही नाही.

मग अन्सारने हात वर केला.
तो एरवी बोलत नाही.
"मॅडम, ओरखडे नाहीत ते. अर्धा आहे.
दादाच्या वहीत ताणा, बाणा, सगळं असंच मांडलेलं.
सूत, अर्धा शेर.
मुलगा अर्धा शेर कसा असेल?"

दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा.
पहिल्या धड्यात शिकवते मी हे.
हा कागद मात्र झेरॉक्सवरूनच शिकवत आले,
आणि काचेला दोष देत आले.

अर्ज केला. कारण: खात्री करणे. व्यक्ती: बारा.
बारा वाचून साहेबांनी चष्मा काढला.
तीन फेऱ्या झाल्या, एकदा साहेब रजेवर,
एकदा किल्ली.
एका बुधवारी रुमाल सुटला.

बारा डोकी एका कागदावर.
ऋतुजाने नाक दाबून धरलं,
शिंक त्या वर्षावर उडू नये म्हणून.
शाई होती. दोन रेघा, दुसरी जरा तिरकी.
जकात किती घेतली, नेमकं तिथे
कसरीचं भोक.

अर्ध्या शेरात काय विणून होतं?
"दोन पंचे, फार तर," अन्सार म्हणाला.
पुढची ओळ भलत्याच कोणाची, मिठाच्या तीन गोण्यांची.
कुंदाने ती दोनदा वाचली,
गोण्यांच्या आडून मैना निघते का बघायला.

जाताना नोंदवहीत सह्या.
कुंदाने पेन टेकवलं, आधी रेघ ओढली,
रकाना ओलांडून थेट शेऱ्याच्या घरात,
आणि हात न उचलता नाव लिहिलं.
कारकुनाने वही फिरवून पाहिली, उलटीही.
"बाई, हे काय? मराठीत लिहा."

"मराठीच आहे की," कुंदा म्हणाली,
आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढली.